ताईची वेगळी थाळी

आमच्या घरात त्या प्रवासाला ‘हवापालट’ म्हणत. संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत पोरी घाबरल्या होत्या म्हणून आम्ही आठवडाभर घाटावर गेलो होतो, असं बाबा शेवटपर्यंत सांगत राहिले. पाहुण्यांना सांगायचे, शेजाऱ्यांना सांगायचे, आणि पुढं पुढं स्वतःलाही सांगत असावेत. मी समोर असले तर माझ्याकडं न बघता सांगायचे. मी काही घाबरले नव्हते. लालबागच्या आमच्या चाळीत पोलिसांची गाडी आली की पोरं गॅलरीत धावायची आणि कठड्यापाशी पहिली मी असायची.

खरं कारण ताई होती. ताई सतरा वर्षांची. दुपारी दादरला शिवणाच्या वर्गाला जायची. दिवाळीनंतर तिला खोकला लागला तो जाईना, संध्याकाळी अंगात कणकण राहू लागली. परळच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला लावला आणि उजेडात धरून बाबांना दाखवला. फुप्फुसाला डाग होता. डॉक्टर म्हणाले, घाटावर मिशनचं एक इस्पितळ आहे, तिथं खाट मिळाली तर बघा, हवा आणि इंजेक्शनं दोन्ही मिळतील, पोरगी बरी होईल, पण उशीर करू नका. मी दारामागं उभी राहून हे सगळं ऐकलं. घरी आल्यावर आईनं माझा दंड धरून मोरीत नेलं आणि म्हणाली, “कोणाक सांगलंस तर माझी शपथ आसा तुका.” दादरच्या एका छापखान्यातल्या मुलाशी ताईचं जमत आलं होतं. पावसाळा सरला की लग्न. ‘डाग’ हा शब्द चाळीच्या जिन्यावरून खाली उतरला असता तर त्याला दादरला पोचायला दिवसही लागला नसता.

ताई त्यानंतर पावणेदोन वर्षं जगली. हे आधीच सांगून टाकते. गोष्ट रंगावी म्हणून माणसाचं मरण शेवटापर्यंत दडवून ठेवणारे लोक मला आवडत नाहीत.

तर बाबांचं काम एवढंच होतं: घाटावर जायचं आणि आपल्या मित्राला सांगायचं की पोरीच्या छातीत डाग आहे, तुझ्या इस्पितळात खाट बघ. एक वाक्य. आमचा तो सगळा प्रवास त्या एका वाक्यासाठी होता.

हा मित्र म्हणजे आमचे काका. सख्खे नव्हेत. बाबा आणि ते गिरणीत एकाच खात्यात शेजारीशेजारी साचे चालवायचे. काका एकटे राहायचे, आणि आईची तेव्हा खाणावळ होती, पंधरा-सोळा गडी दोन पंगतींत जेवून जायचे. बाबांनी काकांनाही आणलं. काका ख्रिस्ती. त्यांच्या आजोबांनी धर्म घेतला, त्याआधी ते घराणं गावकुसाबाहेरचं, हे त्यांनीच पहिल्या दिवशी सांगून टाकलं होतं. आईनं बाबांच्या शब्दाखातर जेवायला घातलं, पण काकांची थाळी वेगळी. ती गॅलरीतल्या फळीवर उपडी असायची. काका येताना ती उचलून आणायचे, सगळ्यांपासून हातभर अंतर ठेवून बसायचे, जेवण झालं की नळावर जाऊन स्वतः घासायचे आणि पुन्हा फळीवर ठेवायचे. सहा वर्षं. आई वाईट बाई होती असं कोणी समजू नये. काकांना टायफॉइड झाला तेव्हा तिनं रोज दोन वेळा पेज करून त्यांच्या खोलीवर पाठवली. मात्र पाठवली त्याच थाळीत.

पुढं काकांचे वडील गेले आणि काका गिरणी सोडून गावी परतले. मिशनच्या इस्पितळात वॉर्डात नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली. दर नाताळात त्यांचं कार्ड यायचं आणि त्यात एक ओळ ठरलेली असायची: वैनी आणि पोरींना घेऊन एकदा या. बाबा कार्ड वाचून दाखवायचे आणि कोनाड्यात ठेवायचे. त्या वर्षी मे महिन्यात आम्ही खरंच निघालो.

दादरहून पुण्याची गाडी, पुण्याहून एसटी, मग घाट चढणारी दुसरी एसटी. घाटात ताईला खोकल्याची उबळ आली. पुढची बाई वळून बघायला लागली तेव्हा आई म्हणाली, “गाडी लागते हिला.” गाडी लागलेलं माणूस खोकत नाही, हे त्या बाईलाही कळत असणार. ताईनं पदर तोंडावर घट्ट धरला आणि खिडकीतून बाहेर बघत राहिली. खाली दरी, वर उघडे कडे, मधूनच चार घरांची वाडी, नाचणीसाठी भाजून काळी केलेली उतरती शेतं. आम्ही कोकणातली माणसं, डोंगर आम्हाला नवा नव्हता. पण या डोंगराच्या माथ्यावर पुन्हा सपाट जमीन सुरू होते आणि लांबच लांब जाते, हे मला फार चमत्कारिक वाटलं. वाऱ्याला गारवा होता. ताई म्हणाली, “गो, श्वास किती सोपा येतो इथं.” आईनं मान दुसरीकडं फिरवली.

काका फाट्यावर घ्यायला आले होते. बाबांनी त्यांना मिठी मारली. तासभर पठारावरून चालत त्यांच्या वस्तीवर पोचलो. काकू दारातच उभ्या होत्या, कडेवर चार वर्षांची मुलगी. “सलाम वैनी,” त्या म्हणाल्या. “या. लई वाट बघाय लावलीत.” त्यांच्यात नमस्काराऐवजी सलाम म्हणतात. आईनं आधी हात जोडले, मग गडबडून तीही सलाम म्हणाली, आणि दोघी हसल्या. ते हसणं मला नीट आठवतं, कारण पुढचे तीन-चार दिवस तसं कोणी हसलं नाही.

संध्याकाळी काकूंनी पाटावर थाळ्या मांडल्या. पितळेच्या, लख्ख घासलेल्या. आमच्यासाठीच माळ्यावरून काढल्या असाव्यात. घेवड्याची आमटी, भाकरी, कोंबडीचा रस्सा. काकांनी डोळे मिटून प्रार्थना केली, त्यात आमचीही नावं घेतली. आमेन झालं आणि आईनं बोचक्यातून ॲल्युमिनियमची थाळी आणि पेला काढला. “हिला हिच्याच थाळीत वाढा हां,” ती ताईकडं बोट दाखवून म्हणाली. “हिची ही धुवून ठेवेल.”

मुंबईत डॉक्टरांनी बजावलं होतं, पोरीची भांडी वेगळी ठेवा. ते आई इमानेइतबारे पाळत होती. काकूंच्या घरात लहान मूल आहे म्हणून तर जास्तच. त्या थाळीचा दुसरा काही अर्थ होऊ शकतो हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. सगळ्या मुंबईत ही चूक करणारी एखादीच बाई निघाली असती, आणि ती आमची आई.

काकूंचा डाव आमटीत तसाच राहिला. त्यांनी काकांकडं बघितलं. काका हसले, म्हणाले, “वाढ की. वैनींची पद्धत हाय ती. मला ठावं हाय.”

आईचा चेहरा पांढरा पडला. तेव्हा तिला कळलं. आता काय सांगणार? पद्धत नाही म्हणावं, तर थाळी का ते सांगावं लागेल. तिनं बाबांकडं बघितलं. बाबांनी भाकरी मोडली आणि आमटीत कुस्करायला लागले. ते वाक्य बोलायला त्याहून चांगली वेळ आली नसती. आपला बाप त्या क्षणी मूग गिळून बसला, हे मी त्यांना आजही माफ केलेलं नाही.

हाच माणूस मोर्चात पुढं असायचा, हे विसरता येत नाही. अश्रुधुरानं डोळे सुजवून घरी आलेलं मी त्यांना पाहिलं आहे. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ म्हणून ओरडून त्यांचा आवाज आठ-आठ दिवस बसायचा. पाठीवर लाठीचा वळ होता, तो ते कौतुकानं दाखवायचे. सरकारला तोंडावर बोलणाऱ्या या माणसाला जेवणाच्या पाटावर मित्राशी बोलता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे काका कामावर गेले, ते शनिवारी परतणार होते. आईनं बाबांना तेवढ्या वेळात विनवलं, निदान काकूंना मी सांगते. बाबा म्हणाले, हा बायकांनी बोलायचा विषय नाही, तो आला की मी बोलेन. आईच्या हातात काही उरलं नाही.

आणि ते तीन दिवस! काकूंची मुलगी ताईवर जीव टाकायची. ताईच्या वेण्या, ताईच्या बांगड्या, ताईनं चिंधीची केलेली बाहुली. सारखी मांडीवर चढायला बघायची. ताई तिला हळूच खाली ठेवायची, आणि ताईचं लक्ष नसलं की आई धावत येऊन पोरीला उचलायची, “चल गो, आपण करवंदं आणू.” काकू चुलीपाशी बसून हे बघायच्या. जेवणाच्या पितळी थाळ्या त्यांनी पुन्हा माळ्यावर टाकल्या आणि रोजच्या काढल्या. तेही आम्हाला दिसलं.

शुक्रवारी दुपारी पोरगी झोपेतून उठली ती थेट ताईच्या गळ्यात पडली. आई निवडायला घेतलेली करवंदं टाकून उठली आणि तिनं पोरीला जवळजवळ ओढलंच. पोरगी रडायला लागली. काकूंनी तिला घेतलं आणि अगदी शांतपणे विचारलं, “वैनी, माझी पोर शिवली तर ताईला आंघोळ करावी लागती का? तसं आसंल तर पाणी तापवून ठेवते.”

आई उभीच राहिली. तिचे ओठ हलले. मी तिच्या तोंडाकडं बघत होते, आता सांगेल, आता सांगेल. शेवटी एवढंच म्हणाली, “असं बोलू नका हो.” आणि घराच्या मागं जाऊन दगडावर बसून रडली. मी शेजारी जाऊन बसले. मला शपथ होती. शपथ मोडली तर आई मरते यावर तेव्हा माझा पुरता विश्वास होता. दहा वर्षांच्या मुलीला असं बांधून ठेवू नये.

शनिवारी काका आले. बाबा आणि ते अंगणात बाजेवर बसले. मी मुद्दाम जवळ घुटमळत होते. बाबांनी गोळीबाराच्या दिवसांतल्या गोष्टी सांगितल्या, संपाच्या सांगितल्या, कोण कोण तुरुंगात गेलं ते सांगितलं. काका ऐकत होते, मधूनच “बाप रे” म्हणत होते. एकदा बोलणं थांबलं. काका म्हणाले, “बाकी सगळं बरं हाय न्हवं घरात?” बाबांनी बिडी विझवली. “बरं आहे,” ते म्हणाले. मग म्हणाले, “उद्या निवांत बोलू.”

रविवारी उपासनेनंतर वस्तीवरच्या लोकांनी आमच्यासाठी प्रीतिभोजन ठेवलं होतं. त्यांच्या चर्चला ते देऊळच म्हणत. पत्र्याचं छप्पर, शेणानं सारवलेली जमीन, समोर एक जांभळाचं झाड. त्या झाडाखाली सगळे बसलो. पळसाच्या पत्रावळी होत्या. आईच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी सुटका दिसली, कारण पत्रावळ सगळ्यांचीच वेगळी आणि जेवून फेकून द्यायची. ताईही पोटभर जेवली.

मग त्यांचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, उठले. म्हातारे होते. त्यांनी एक मोठा पांढरा पेला पाण्यानं भरला आणि आम्हा पाहुण्यांसाठी समजावून सांगितलं. आमच्या आज्यांना विहिरीवर कोणी चढू देत नव्हतं, वरून ओंजळीत पाणी ओतायचे. म्हणून इथं जेवण झालं की एकच भांडं फिरतं, आणि पाणी वरून ओतून प्यायचं नाही, तोंड लावून प्यायचं. बापजाद्यांपासून हेच चालत आलंय.

पेला रांगेनं येऊ लागला. काका प्याले, बाबांना दिला. बाबा प्याले. आईनं घेतला. कोणाच्या उष्ट्या भांड्याला तिनं जन्मात तोंड लावलं नव्हतं. तिनं डोळे मिटले आणि प्याली, आणि काकूंकडं बघितलं. मला कळलं की ती तिच्या परीनं माफी मागते आहे. माझ्यानंतर ताई. आई पुढं सरकली, पेला परस्पर पलीकडं द्यायला तिनं हात केला. सगळी माणसं ताईकडं बघत होती. काकूही.

ताईनं पेला आईच्या हातात दिला नाही. तोंडाला लावला, दोन घोट घेतले. तेवढ्यात काकूंची मुलगी तिच्या मांडीत येऊन बसली होती आणि “मला, मला” करत होती. तिनं पेला ओढला आणि घटाघटा प्याली.

काकू उठल्या. सगळ्यांसमोर त्यांनी ताईला जवळ घेतलं, तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं. त्या रडत होत्या. बायका गाणं म्हणायला लागल्या. आई बसल्या जागी थिजली होती. आज डॉक्टर सांगतात की एका पेल्यातून हा रोग सहसा लागत नाही. तेव्हा आम्हाला हे कोण सांगणार होतं? आम्ही चौघं त्या गाण्यात खालमानेनं बसलो होतो आणि लोकांना वाटलं, पाहुणे गहिवरलेत.

घरी आल्यावर काकूंनी ताईची ॲल्युमिनियमची थाळी घासून आपल्या भांड्यांच्या उतरंडीत लावून टाकली. त्यांना कोणी अडवलं नाही. परसात आईनं ताईला विचारलं, “असा कित्याक केलंस गो?” ताई म्हणाली, “काय समजत होत्या त्या आपल्याला. मला नाही बघवलं.” मग जरा वेळानं म्हणाली, “ती पोर मध्ये घुसेल असं कुठं वाटलं होतं.” आई बाबांकडं गेली आणि पाय धरायच्या बेतात म्हणाली, आतातरी बोला. बाबा म्हणाले, “आता काय सांगान तेंका? तुमची पोर आमच्या चेडवाचा उष्टा पाणी प्याली, असा सांगू?”

ताईनं प्रेमानं जे केलं त्यानं दार पुरतं बंद झालं होतं.

सोमवारी काका आम्हाला त्यांचं इस्पितळ दाखवायला घेऊन गेले. कौतुकानं. दरीकडं तोंड केलेली लांबच लांब पडवी, तिच्यात ओळीनं खाटा, लाल पांघरुणं. एक खाट रिकामी होती. नुकतीच धुतलेली चादर होती तिच्यावर. ताई तिच्यापाशी थांबली आणि तिनं खाटेच्या लोखंडी दांडीला हात लावला. काका डॉक्टरीणबाईंना म्हणाले, “हे माझे मुंबईचे दोस्त. ह्यांच्या घरचं सहा वर्सं खाल्लंय.” बाबा नुसते हसले. बाई पुढच्या खाटेकडं गेल्या. पडवीच्या टोकापर्यंत चालत जाऊन आम्ही परत फिरलो.

मंगळवारी आम्ही निघालो. काका कामावर होते, फाट्यापर्यंत काकू आल्या पोरीला घेऊन. एसटीत आई आणि ताई खिडकीशी, बाबा आणि मी त्यांच्या मागच्या बाकावर. काकूंनी खिडकीतून घेवड्याचं गाठोडं दिलं आणि आत हात घालून ताईच्या गालावरून फिरवला. “लग्नाला बोलवा,” त्या म्हणाल्या. “आमची थाळी आम्ही संगं आणू.” हे त्यांनी थट्टेनं म्हटलं, मनात काही न ठेवता.

आईनं तो हात धरला. गाडीचं इंजिन सुरू झालं होतं. आई घाईघाईनं म्हणाली, “हिच्या छातीत डाग आहे. टीबी आहे हिला. म्हणून थाळी वेगळी. तुमच्या पोरीला डॉक्टरांना दाखवा. रविवारी ती हिच्या मागून प्याली. दाखवा हां.”

काकूंना समजायला एक क्षण लागला. पोरीला त्यांनी छातीशी घट्ट धरलं. मला वाटलं आता शिव्या देतील, त्यांना हक्क होता. गाडी हलली. आणि काकू पोरीला कडेवर घेऊन गाडीबरोबर पळायला लागल्या. “उतरा!” त्या ओरडत होत्या. “आवो, उतरा खाली! खाट हाय तिथं! रिकामी खाट हाय! ह्यांना सांगते मी, उतरा!”

ताई उठून उभी राहिली. आईनं मागं वळून बाबांकडं बघितलं. घंटीची दोरी बाबांच्या डोक्यावर होती. बाबा समोरच्या बाकाच्या पाठीकडं बघत होते आणि त्यांच्या मनात काय होतं हे मी अजून सांगू शकत नाही. लाज होती, दादरचा मुलगा होता, काकांना तोंड कसं दाखवायचं हे होतं. या सगळ्याहून ती खाट मोठी होती, हे मला दहाव्या वर्षी कळत होतं.

कंडक्टर आमच्यापाशी आला. काकूंचं ओरडणं त्यानंही ऐकलं होतं. “कोणाला उतरायचंय का?” त्यानं विचारलं.

“नाही,” बाबा म्हणाले. “कोणी नाही. जाऊ द्या.”

ताई खाली बसली. आईची शपथ तेव्हा संपली होती, आईनंच ती मोडली होती, मला आता कोणी अडवलेलं नव्हतं. बाकावर उभी राहिले असते तर माझा हात दोरीपर्यंत पोचला असता. मी उभी राहिले नाही.